ढोमणे सरांचा दगड

ढोमणे सरांना आमच्या कॉलनीत कोणी पूर्ण पाहिलेलं नव्हतं. माणूस रोज दिसायचा, पण दिसायचा तो दुपट्टा, काळा चष्मा, मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट आणि हातात सुती मोजे. अमरावतीत उन्हाळ्यात तोंड बांधून फिरणं काही नवं नाही. आमच्या इथल्या पोट्ट्या स्कूटीवर निघाल्या की सख्खी आई ओळखत नाही. पण सर डिसेंबरातही तसेच. आम्ही नवे नवे राहायला आलो तेव्हा समोरचं फाटक उघडून हा माणूस बाहेर पडताना पाहिला आणि मी यांना म्हटलं, "हा बाप्पा कोन? दरोडा घालाले चालला का?"

"हळू बोल," हे म्हणाले. "कॉलेजात प्रोफेसर हायेत. कोड हाय त्याईले."

मला हळू बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. सरांनी ते ऐकलं असणारच. पुढं इतक्या वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नाही.

ओळख झाली ती मसाल्यामुळे. मी घरी काळा मसाला करून विकते. उन्हाळ्यात आमच्या अंगणात खाटेवर धणे, खोबरं, तेजपान, दगडफूल असं सगळं वाळत असतं. एका सकाळी सर फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "वयनी, सुपातलं एक उचलू का?"

मला वाटलं खोबरं मागताहेत. म्हटलं, "एक काहून, मूठभर घ्या ना."

त्यांनी दगडफुलाचा एक तुकडा उचलला. चष्मा कपाळावर सारला, खिशातून भिंग काढलं आणि उभ्या उभ्या त्या वाळक्या पापुद्र्यात असे बुडाले की मी दोनदा चहा विचारला तरी उत्तर नाही. मग एकदम म्हणाले, "यात दोघं जन राह्यतात, माहीत हाय का तुमाले?"

"माय वं! कीड लागली का?"

"कीड नाई हो. संसार हाय हा." आणि मग तिथंच, फाटकाला टेकून, त्यांनी मला शिकवलं. दगडफूल म्हणजे एक जीव नाही, दोन. वरचं छप्पर बुरशीचं, आतली चूल हिरव्या शेवाळाची. छप्परवाल्याला सैपाक येत नाही आणि चूलवालीला घर बांधता येत नाही, म्हणून दोघांनी जमवून घेतलं. झाडाच्या सालीवर, दगडावर, जिथं दुसरं काही उगवत नाही तिथं यांचा संसार चालतो.

"आमच्या घरी छप्परबी मीच अन् चूलबी मीच," मी म्हटलं. आतून यांचा खोकला ऐकू आला.

सर हसले. म्हणाले, "छपराचं काम सोपं नाई, वयनी. ऊन आत शिरलं तर चूल मरते. म्हनून हा छपराले रंग देते. जिथं ऊन जास्त तिथं रंग गडद. पिवळा, नारंगी, तपकिरी, काळा. सावलीत राह्यलं तर फिक्कं. कोनं शिकवलं त्याले?"

तुकडा परत सुपात ठेवायला त्यांनी मोजा काढला आणि मी पहिल्यांदा त्यांचा हात पाहिला. मूळचा रंग आपल्यासारखाच सावळा, पण बोटांवर, मनगटावर पांढरे मोठे मोठे डाग. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. भिंतीचा चुना उडाल्याचं सांगावं इतक्या सहज म्हणाले, "माझ्या छपराचा रंग उडून राह्यला. बुरशीले जमते ते मले जमत नाई."

त्या दिवसापासून सर आमच्या घरचे झाले. मात्र माझा मसाला खाईनात. दगडफूल असलेला मसाला म्हणजे शेजाऱ्याला खाल्ल्यासारखं वाटतं म्हणाले. बरं, म्हटलं, लग्न नाही झालेलं, एकटा माणूस, हातानं खिचडी करून खातो. मी मुद्दाम त्यांच्यापुरता बिनदगडफुलाचा मसाला कुटला. दुसऱ्या दिवशी डबा परत द्यायला आले आणि म्हणाले, "खरं सांगू का वयनी, चव नाई आली."

असा राग आला मला! पण ते खोटं बोलतच नसत, काय करता. आमच्या शेजारणीनं नवी साडी दाखवली तर हे शेड कार्ड काढून बसले. शेड कार्ड म्हणजे रंगाच्या दुकानात भिंतीचे रंग निवडायला देतात ना, ते. सरांच्या शर्टाच्या खिशात ते कायम. छापील नावं खोडून त्यांनी प्रत्येक रंगाला आपलं नाव दिलेलं: संत्र्याची साल, जुनं तिखट, पातळ वरण, गव्हाचं काड. पपई कापली की कार्ड लाव, चहा आला की कार्ड लाव. शेजारणीची साडी पातळ वरण निघाली. ती पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

कॉलेजातले पोट्टे त्यांना दगडफूल म्हणायचे. मागून नाही, तोंडावर. कारण पहिल्याच तासाला सर दोन्ही मोजे काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "पाहून घ्या, म्हंजे मंग अभ्यासात लक्ष लागंन. माझ्या कातडीनं रंग बनवनं सोडलं. दगडावरच्याचं चालू हाय. सारी अमरावती शिकवनीले जाते, मी त्याच्याकडं जातो." पोरं हसायची. मग वर्षभर कोणी हसत नसे.

ते ज्याच्याकडं शिकवणीला जात, तो मूर्तिजापूरला होता.

सरांची जुनी गाडी होती, खिडक्यांना आतून जाड पडदे शिवलेले. महिन्या-दोन महिन्यांनी ते तिकडं निघाले की मीही जायची. शकुंतला आगगाडीच्या बंद पडलेल्या रुळांच्या कडेला सुमनबाई माळिणीचा मळा आहे. वांगी, मेथी, मिरची आणि दसऱ्या-दिवाळीचा झेंडू. तिच्याकडची मिरची-धणे मी घेते. मी तिच्या बांधावर लिंबाखाली बसायची आणि सर समोरच्या नाल्याकाठी, आपल्या दगडाजवळ.

दगड मांडीएवढा उंच, आपल्याकडचा काळाभोर. त्याच्या माथ्यावर तळहाताएवढा एक नारंगी डाग. लांबून वाटावं कोणी शेंदूर फासला. जवळून पाहिलं तर खपलीसारखं, दगडाला घट्ट चिकटलेलं. हेही दगडफूलच, पण मसाल्यातल्यासारखं पानापानांचं नाही, दगडाच्या अंगाबरोबर वाढणारं. सर म्हणायचे, पूर्वी या लाइनीच्या कडेनं असे डाग दगडोदगडी होते. आता हा एक उरला.

त्याचं काय एवढं, असं मी एकदा गाडीत विचारलंच. सरांनी गाडीचा वेग कमी केला.

"मी मूर्तिजापूरच्या शायेत होतो. सातवीत ओठाशेजारी पयला डाग आला," ते म्हणाले. "पोट्टे माझ्या बाकावर बसेनात. डबा खायले मी इकडे पळून येऊ. तवा हा दिसला. अंगावर डाग, भर उन्हात बसलेला, अन् मजेत. मले वाटलं, आपल्यासारखं कोनीतरी हाय. मंग मोठेपनी समजलं का त्याचा डाग रंगाचा हाय अन् माझा बिनरंगाचा. पन तवर दोस्ती झाली होती." आणि गिअर टाकता टाकता, "हा गेला तं मी कोनाकडं पाहू, सांगा."

मी पदरानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हटलं.

डाग लहान होत होता. कडेनं फिका पडून पांढरट भुकटी होऊन झडत होता. मी म्हटलं, "ऊन बेज्या वाढलं ना सर, कधी नाई एवढं. एखादी हिरवी नेट बांधा, दोन-दोन तांबे पानी टाका. आमची तुळस तशीच जगवतो आमी."

सर एकदम ओरडले, "पानी नाई! पानीच नाई टाकायचं त्याच्यावर!" इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. मग वरमले आणि समजावून सांगू लागले. "वैशाखात दुपारी आपन दारं लावून झोपतो का नाई? तसं वाळलं की हे दार लावून झोपते. झोपेत किती बी तापू द्या, काही होत नाई. पानी लागलं की जागं होते, दार उघडते, कामाले लागते. नेट बांधली तं दव अडते. सकाळच्या दवात ते जागं होते, ऊन चढायच्या आत आपला सैपाक करून घेते, त्याच सैपाकातून छपराचा रंग बनते, अन् पुन्हा झोपते. आता मले सांगा, भर दुपारी बारा वाजता कोनी दार ठोकून तुमाले उठवलं अन् म्हनलं, चला वावरात निंदाले, तं काय होईन?"

"मरीन मी."

"तेच होते त्याचं."

आणि तेच होत होतं, कोणी पाणी न टाकताही. रात्री तव्यासारख्या तापलेल्या, दव पडेना, नाला दिवाळीलाच कोरडा. म्हणजे सकाळचा सैपाक बंद, रंगाला सामान नाही. आणि मग ऐन वैशाखात कधीही अवकाळी पाऊस यायचा, अर्धा तास झोडपून जायचा आणि मागोमाग कडक ऊन. बिचारं जागं व्हायचं आणि भाजायचं. अवकाळी आला की अमरावतीत सर आपल्या दारात उभे राहून मूर्तिजापूरच्या दिशेनं आभाळाकडं बघत बसायचे. सगळी कॉलनी गारवा आला म्हणून भजी तळायची आणि या माणसाचं तोंड एवढंसं.

त्यांच्या हातात करण्यासारखं एवढंच होतं की कोणी त्याला हात लावू नये. शेरड्या अंग घासतात म्हणून त्यांनी दगडाभोवती लहान दगडांचं रिंगण लावलं. लोकांना दिसावं म्हणून त्या दगडांना चुना फासला. रिंगणाच्या बाहेर जोडे काढायचे, कारण आतल्या बारक्या गोट्यांवरही कुठं कुठं खपली धरू पाहत होती. श्वासाची वाफ लागू नये म्हणून तोंडावर दुपट्टा. मग गुडघे टेकून, डोकं पार दगडाला भिडेपर्यंत खाली नेऊन भिंगातून बघायचं. चारी बाजूंनी बघायचं म्हणून एक फेरी मारायची. उठताना, गुडघे दुखायचे म्हणून, दोन्ही हात जुळवून मांडीवर रेटा द्यायचा.

आता तुम्हीच सांगा. एक शिकलेला माणूस अमरावतीहून गाडी घेऊन येतो, जोडे काढतो, डोकं झाकतो, शेंदरी दगडापुढं वाकतो, फेरी मारतो आणि कोणाशी न बोलता निघून जातो. वर्षानुवर्षं. गावानं काय समजायचं?

एका दिवाळीनंतर गेलो तर डागावर झेंडूचं एक फूल.

सर सुमनबाईकडे आले. "बाई, फूल कोनं ठेवलं?"

"म्या ठेवलं, सर. झेंडूले भाव चांगला लागला औंदा. म्हनलं तुमच्या देवाले पयलं फूल."

"देव नाई तो. तो शेंदूर नाई, बाई. ते जिवंत हाय."

"तेच तं म्हनतो आमी," सुमनबाई हरखून म्हणाली. "जिवंत हाय. माही सासू तं कवाची सांगते, या दगडात काहीतरी हाय, नाई तं एवढे मोठे सर काहून येतीन?"

"अवं, ते झाडासारखं हाय. उगवलेलं हाय."

"आपोआप उगवलं?"

"हव."

सुमनबाईनं हातच जोडले. आपोआप उगवलेला शेंदूर! आता तिला आणखी काय पुरावा पाहिजे? सर माझ्याकडं वळले. मी पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

फुलानं फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते चैत्रात. महादेवाच्या पिंडीवर उन्हाळ्यात गळती लावतात, मडक्याला बारीक भोक पाडून थेंब थेंब पाणी, देवाला थंडावा म्हणून. सुमनबाईनं तीन बांबू उभे करून या दगडावरही गळती बांधली. स्वतःच्या मिरचीला पाणी कमी होतं तिला, तरी दोन फर्लांगावरून हंडा डोक्यावर आणून ते मडकं भरायची. आम्ही पोचलो तेव्हा भर उन्हात त्या नारंगी डागावर टप टप पाणी पडत होतं आणि डाग एका बाजूनं उकडलेल्या भाजीसारखा पडला होता.

मला वाटलं आता सर ओरडतील. ओरडले नाहीत. सुमनबाईचं डोकं घामानं थबथबलेलं, चुंबळ अजून डोक्यावर. ती म्हणाली, "तुमी रोज येऊ शकत नाई ना सर, म्हनून आमी करून राह्यलो." या बाईवर ओरडायचं तरी कसं? ते खाली बसले आणि म्हणाले, "मडकं काढा, बाई. त्याले त्रास होते."

"देवाले पान्याचा तरास?"

आणि तेव्हा, माझ्या डोळ्यांदेखत, कधी खोटं न बोललेला तो माणूस खोटं बोलला. म्हणाला, "या देवाले पहाटेचंच पानी चालते. उजाडायच्या आधी एक तांब्या. ऊन आलं की पानी वर्ज्य."

सुमनबाईनं कानाला हात लावला आणि मडकं लगेच उतरवलं. परतताना गाडीत सर बडनेरा आल्यावर म्हणाले, "वयनी, मी बोट्यानीचा मास्तर. अन् देवाचे नियम सांगून राह्यलो." पण तो नियम लागू पडला. सुमनबाई पहाटे तांब्या टाकायची, म्हणजे गेलेलं दवच परत आल्यासारखं झालं. पुढच्या फेरीला सरांनी कार्ड लावलं आणि लहान पोरासारखे ओरडले, "संत्र्याची साल! वयनी, जुन्या तिखटावरून संत्र्याच्या सालीवर आला!" त्या दिवशी त्यांनी मूर्तिजापूरच्या स्टेशनाबाहेर मला आणि सुमनबाईला आलूबोंडे खाऊ घातले. एवढे खूश मी त्यांना दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

त्याच वर्षात त्यांचं स्वतःचं अंग बदललं. डाग वाढत वाढत एकमेकांना भिडले आणि जो काय सावळा रंग उरला होता तोही गेला. तोंड, मान, हात, सगळं एकसारखं पांढरं. डॉक्टरांनी सांगितलं, आता उन्हात अजिबात जायचं नाही, कातडीला कसलाच आडोसा उरला नाही. पण लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? गोरापान माणूस. डाग कुठंच नाही.

सुमनबाईनं त्यांचा उघडा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातली पाटीच पडली. "सर! गेलं तुमचं कोड!"

"गेलं नाई, बाई. उरलेला रंग गेला."

"पन डाग तं नाई ना एकबी?"

"डाग नाई, कारन..."

"मंग!" सुमनबाई म्हणाली. आणि पाटी तिथंच सोडून ती सासूला सांगायला पळाली.

बातमी कुठवर जाते ते आमच्या वऱ्हाडात सांगायला नको. मूर्तिजापूर झालं, दर्यापूर झालं, अकोला झालं. कोड बरं करणारा दगड. ज्यांच्या घरात डाग असलेली लग्नाची पोरगी आहे ते लोक येऊ लागले. पोरगी तोंड बांधलेली, आई पुढं, बाप मागं खाली मान घालून. छप्पर घालायची टूम निघाली होती, पण सुमनबाईच्या सासूच्या सपनात येऊन देवानं नको म्हटलं, म्हणून दगड उघडाच राहिला. पहाटेच्या पाण्याचा नियम सुमनबाई सगळ्यांना घसा कोरडा होईस्तोवर सांगायची. पण देवाला पहाटेचं चालतं, बसला चालत नाही. अकोल्याची बस यायची भर दुपारी. एवढ्या लांबून आलेली माणसं लोटा तसाच घेऊन परत जातील का?

सर प्रत्येकाला हात जोडून सांगायचे: हा दगड काही करत नाही, माझं कोड गेलेलं नाही, डॉक्टरकडं जा, पोरीला शिकवा, तिला लपवू नका. लोक ऐकून घ्यायचे. मग एकमेकांना म्हणायचे, किती नम्र माणूस, स्वतःकडं मोठेपणा घेत नाही. आणि वाकून त्यांच्या पाया पडायचे. मी चिडून एकाला म्हटलं, "अहो, खरं सांगून राह्यले ते!" तर तो मलाच म्हणाला, "ताई, तुमची श्रद्धा नाई, नका ठेवू."

तुम्ही हे सोडून का देत नाही, मी सरांना विचारलं. तुमचं अंग पाहा, डॉक्टरचं ऐका. ते म्हणाले, "आता तो हरभऱ्याच्या दान्याएवढा उरला, वयनी. त्याले एकट्याले टाकू?"

शेवटचं त्यांना तिथं पाहिलं ते वैशाखातच. पुढच्याच पंधरवड्यात त्यांचा भाचा येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेला. तो दिवस मात्र मला काल झाल्यासारखा दिसतो.

आम्ही सकाळीच पोचलो होतो, दुपारच्या आत निघायचं म्हणून. पण सर दगडाशी बसले ते बारा वाजले तरी उठेनात. तेवढ्यात बस आली आणि रांग लागली. रांगेत पुढं अकोल्याची एक बाई होती, पन्नाशीची, ओठ वाळलेले, पोरीच्या खांद्यावर हात टाकून कशीबशी उभी. पोरीनं स्कार्फ सोडला. वैष्णवी नाव तिचं, कॉलेजात जाणारी. तोंडाभोवती आणि डोळ्यांशी डाग, पण डोळे असे हुशार की काय सांगू.

आईनं सरांचे पायच धरले. "सर, तुमच्या हातानं पानी पडू द्या. ज्याले गुन आला त्याच्याच हातानं पडलं पायजे. तवाच मी उपास सोडीन."

"बाई, मले गुन नाई आला. खरंच नाई आला. माझं ऐका..."

बाई ऐकतच नव्हती. तिनं भरलेला लोटा त्यांच्या पुढ्यात सरकवला. वैष्णवीनं सरांना थोडं बाजूला घेतलं. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणाली, "सर, मले माहीत हाय, याच्यानं काही होत नाई. मी वाचलं हाय सारं. पन आईच्या पोटात परवापासून पानीबी नाई. आत्ता बसमधी चक्कर येऊन पडली ते. टाका ना, सर. माह्यासाठी नाई, तिच्यासाठी."

सरांनी दगडाकडं पाहिलं. मग बाईकडं. त्या माणसाचे डोळे मी त्या वेळी पाहिले आणि वाटलं, कोणावर अशी वेळ येऊ नये. त्यांनी लोटा घेतला.

आधी त्यांनी धार दगडाच्या कडेनं, डाग नसलेल्या अंगानं धरली. बाई कळवळून म्हणाली, "माथ्यावर, सर. माथ्यावर टाका."

त्यांनी माथ्यावर टाकलं. सगळा लोटा. उरलेला एवढासा नारंगी ठिपका भिजला आणि बघता बघता हिरवट दिसायला लागला. जागा झाला होता तो. वर ऊन असं की डोळे उघडवेनात.

बाईला सुमनबाईनं बांधावर नेऊन गूळपाणी दिलं. सर तिथंच. आधी ते दगडाच्या या बाजूला उभे राहिले, मग त्या बाजूला. आमच्याकडं वैशाखात भर दुपारी माणसाची सावली पायातच असते. ती दगडावर पोचेना. छत्री कोणाकडंच नव्हती. पुसायला जावं तर उरलीसुरली खपली निघणार. फडकं टाकावं तर ते भिजून ओल धरणार. मग सरांनी गुडघे टेकले, दोन्ही तळवे तापलेल्या मातीवर ठेवले आणि दगडावर ओणवे झाले, छातीखाली दगड घेऊन. दुपट्टा सरकून पांढरीफटक मान उन्हात उघडी पडली. मागं लोकांनी एकच जयजयकार केला. सुमनबाईच्या सासूनं घंटी वाजवायला सुरुवात केली. साऱ्यांना वाटलं, सर दंडवत घालताहेत.

वैष्णवी खाली वाकून म्हणाली, "सर, काय झालं? उठा ना, ऊन पाहा किती हाय."

"वाळू दे," सर म्हणाले. "वाळेपर्यंत ऊन नाई लागलं पायजे त्याले. फक्त वाळेपर्यंत."

पोरीला किती समजलं ते मला माहीत नाही. पण तिनं आपली पिशवी माझ्या हातात दिली आणि जिकडून ऊन शिरत होतं तिकडून ती दगडावर ओणवी झाली. दोघांची डोकी एकमेकांना टेकली. बांधावरून तिच्या आईनं ते पाहिलं आणि गूळपाण्याचा पेला हातात घेऊन ती बाई रडत रडत म्हणायला लागली, "केला वं माय, पोरीनं नमस्कार केला!" मलाही रडू फुटलं. रागानं का कशानं, सांगता येणार नाही.

सरांची मान लाल होत चालली होती. रांग हलेना म्हणून लोक चुळबुळ करू लागले. मग मागची बाई पुढं सरकली. तिच्या कडेवर लहान पोरगी, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला लोटा.

"सर, सरका ना जरासे," ती म्हणाली. "आमचा नंबर हाय."